मदत हवी आहे: हेडफोनमध्ये सतत खरखर

नमस्कार मंडळी. डेस्कटॉपला हेडफोन लावला की खरखर ऐकू येते. गाणं सुरू असताना ती दबते, पण शांत जागा आली की लगेच जाणवते. गंमत म्हणजे माउस हलवला किंवा पान वर-खाली सरकवलं की तिचा सूर बदलतो. गेम सुरू केला तर चक्क शिट्टीसारखा आवाज येतो.

हेडफोन ठीक आहे, मोबाइलवर अगदी स्वच्छ वाजतो. कॅबिनेटच्या पुढच्या ३.५ मिमी जॅकऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या जॅकला लावला तर खरखर बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. आवाजाची पातळी शून्यावर नेली तरी ती तेवढीच राहते. म्हणजे साउंड ड्रायव्हरचा (आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोष नसावा, असा माझा अंदाज. तरी ड्रायव्हर पुन्हा टाकला, माइक म्यूट केला, त्याचं बूस्टही शून्य केलं. काडीचा फरक नाही.

पुढच्या जॅकची वायर आत ग्राफिक्स कार्डाच्या अगदी जवळून जाते, तिथून काही येत असेल का? की अर्थिंग किंवा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) तपासायला हवा?

छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं म्हणतोय. पण त्यालाही वीज याच कॉम्प्युटरच्या ५ व्होल्टच्या लाइनवरून मिळणार, मग खरखर तिथेही पोचेल का? कोणी वापरलं असेल तर कृपया सांगा. नुसतं 'नवा हेडफोन घे' नको!