मदत हवी आहे: घरची जांभळाची वाईन एवढी का चढते?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात घरी जांभळाची वाईन केली आहे. एक पेला विकतच्या दोन पेल्यांइतका चढतो, असं घरात सगळेच म्हणतात. भट्टी नाही, फक्त आंबवलेली.

बरणीत एकूण 5 लिटर, त्यात साखर 1.2 किलो, बेकरीचं यीस्ट, 40 दिवस. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे सगळी आंबली तर 14 टक्के, शिवाय जांभळाची साखर वेगळी. विकतच्या बाटलीवर 12.5 आहे. एवढ्याशा फरकाने डोकं इतकं जड व्हावं, हे पटत नाही.

पेल्याचा फरक नको म्हणून 100 मिलिलिटर मोजून, जेवणानंतर, वेगवेगळ्या रात्री दोन्ही पिऊन पाहिल्या. तरी घरचीच जड. आणि झाकण काढलं की जांभळाच्या वासामागून किंचित थिनरसारखा वास येतो. आंबवताना खोलीत 32 अंशांचा उकाडा होता.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत मोजायचं तरंगतं साधन) उशिरा आणला. आताचं रीडिंग 1.010, सुरुवातीचं घेतलंच नव्हतं. थोडी वाईन मोजून अर्धी होईपर्यंत उकळायची, पाण्याने मूळ मापावर आणायची आणि रीडिंगमधल्या फरकावरून अल्कोहोल काढायचं, ही पद्धत वाचली आहे. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांना अजून थेंबही दिलेला नाही.

साध्या हायड्रोमीटरवर हे उत्तर भरवशाचं येतं का? आणि हा जडपणा जास्त अल्कोहोलचा, की उकाड्यात आंबवल्याचा?