मदत हवी आहे: १७ दिवसांच्या बाळाची लाळेची सीएमव्ही चाचणी पॉझिटिव्ह, पण नमुना दूध पाजल्यावर लगेच घेतलाय

नवी_आई_नाशिक:
नमस्कार. बाळ झोपलंय तोवर भराभर लिहितेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मुलगी पूर्ण दिवसांची, वजन २.८ किलो. घरी सोडताना कानांची ओएई (नवजात बाळाची ऐकण्याची प्राथमिक) चाचणी झाली, उजव्या कानाला 'रेफर' आलं, म्हणजे पास नाही, पुढे तपासा. कानात पाणी असेल म्हणून चौदाव्या दिवशी पुन्हा केली, पुन्हा तेच. आता बेरा (ऐकण्याची सविस्तर तपासणी) करायची आहे. सोबत बालरोगतज्ज्ञांनी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूसाठी लाळेची पीसीआर लिहून दिली. हा विषाणू पोटात असतानाच लागला तर ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणाले. आम्ही नावही पहिल्यांदाच ऐकलं.

लॅबचा मुलगा घरी आला तेव्हा मी नुकतंच पाजून तिला खांद्यावर घेतलं होतं, ओठाच्या कडेला दूध दिसत होतं. "थोडं थांबायचं का?" विचारलं तर म्हणाला, "चालतं हो ताई." गालाच्या आतून काडी फिरवली नि गेला. काल रिपोर्ट आला: 'डिटेक्टेड', सीटी (विषाणू दिसेपर्यंत पीसीआरला लागलेल्या फेऱ्या) ३६.

डॉक्टर बाहेरगावी, परवा भेटतील. वाचलं की हा विषाणू आईच्या दुधातूनही येतो. मग हे पॉझिटिव्ह तिचं की माझ्या दुधाचं? सासरे नागपूरचे, ते म्हणतात, २०२१ मध्ये आमच्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने गुळण्यांवर कोविडची चाचणी काढली, तोंडातलाच नमुना ना, मग हीच खोटी कशी? सासूबाई पावडरचं दूध आणायला निघाल्या होत्या, कसंबसं थांबवलंय. अंगावर पाजणं बंद करू का? परवापर्यंत थांबलं तर चालेल का?

पिपेटवाली:
थांबू नका. लघवीची सीएमव्ही पीसीआर आजच पाठवा, डॉक्टरांना फोनवर सांगून. लाळ पॉझिटिव्ह आली की लघवीवर खात्री करून घेतात, कारण लघवीत आईचं दूध मिसळत नाही. आणि हे २१ दिवसांच्या आत व्हायला हवं. त्यानंतर विषाणू सापडला तर तो पोटातला की जन्मानंतर लागलेला, हे लघवीवरून सांगता येत नाही.

मी पीसीआर विभागात काम करते. बाळाचा लाळेचा नमुना पाजल्यानंतर किमान तासाभराने घ्यायचा असतो. "चालतं हो" वाचून डोक्यात तिडीक गेली. जन्मजात संसर्गात लाळेत विषाणू सहसा भरपूर असतो, म्हणजे सीटी बराच कमी येतो. ३६ म्हणजे अगदी पुसट, दुधाचा संशय घ्यायला जागा आहे. पण नुसत्या सीटीवर निश्चिंत होऊ नका.

सासऱ्यांना सांगा, गुळण्यांत विषाणू सापडला तर तो गुळण्या करणाऱ्याचाच असतो. इथे बाळाच्या तोंडात दुसऱ्याच माणसाचं दूध आहे. लाळेची चाचणी खोटी नाही, नमुना चुकीच्या वेळी घेतला गेला.

दोन_लेकींची_आई:
पाजणं अजिबात बंद करू नका. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधातून सीएमव्ही मिळाला तरी सहसा काही होत नाही. आपल्याकडे बहुतेक बायकांना हा लहानपणीच होऊन गेलेला असतो. माझाही आयजीजी (जुन्या संसर्गाची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह होता, महिनाभर रडून काढला उगाच.

धाकटीच्या वेळी आम्हाला २१ दिवस उलटून गेले होते. तेव्हा जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन जपून ठेवलेलं कार्ड कामी आलं, त्यावरच पीसीआर केली. तुमचं असं कार्ड घेतलं असेल तर जपून ठेवायला सांगा. मात्र कार्डावर निगेटिव्ह आलं म्हणजे नाहीच, असं धरत नाहीत.

नवी_आई_नाशिक:
@पिपेटवाली, लघवी कशी गोळा करायची? ती तर लंगोट सोडला की लगेच करते, आणि भांडं धरलं की करतच नाही!

पिपेटवाली:
चिकटणारी पिशवी मिळते, औषधाच्या दुकानात विचारा. जागा आधी धुऊन कोरडी करा, नाहीतर चिकटत नाही. तळाशी थोडी जमली तरी पुरते. आणि बेराची तारीख या रिपोर्टसाठी पुढे ढकलू नका. खरंच जन्मजात निघालं तर औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर श्रवण आणि बाकी तपासण्या बघून ठरवतात, आणि ते पहिल्या महिन्यात ठरलेलं बरं.

नवी_आई_नाशिक:
डॉक्टरांशी बोलले, तेही हेच म्हणाले. पहिली पिशवी गळली, दुसरी तिने लाथ मारून काढली. तिसरीला मी, नवरा आणि सासूबाई तिघं अर्धा तास तिच्याकडे बघत बसलो होतो. साडेपाचला नमुना गेला. बेरा मंगळवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच लिहिते.