बाहुलीचे कान हिरवे पडलेत, डाग कसे काढायचे?

मोगरा_जर्सी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझी आत्या १९६४ साली काकांच्या शिक्षणापायी मिशिगनला आली, तेव्हा तिच्या घरमालकीणबाईंनी माझ्या आतेबहिणीला एक बार्बी दिली होती. आता आत्या मोठं घर विकून छोट्या घरात गेली, आवराआवर करताना डांबरगोळ्या घातलेल्या डब्यात ही सापडली, ताई म्हणाली टाकून दे, पण माझ्याच्याने टाकवेना कारण आत्याने तेव्हा तिच्यासाठी नऊवारी आणि खणाचं पोलकं शिवलं होतं आणि ते अजून तिच्या अंगावर आहे! काष्टासुद्धा व्यवस्थित, एवढ्याशा बाहुलीला कसा घातला देव जाणे.

तर प्रॉब्लेम असा. कानात मोत्याचे टॉप्स होते, त्यातला एक आहे, दुसऱ्याचा मोती गेलाय आणि पिन आतच तुटलीये. दोन्ही कानांभोवती हिरवा डाग आहे, डावीकडचा गालावर उतरलाय, जवळजवळ मटाराच्या दाण्याएवढा, म्हणजे तिच्या तोंडाच्या मानाने केवढा ते बघा. शिवाय पदराला टाचणी होती ती गंजून खांद्यावर तपकिरी ठिपका. साबण, बेकिंग सोडा, टूथपेस्ट सगळं झालं, ढिम्म फरक नाही. केस छोटे, फुगीर. कमरेखाली मागे १९५८ कोरलंय, म्हणजे अगदी पहिल्या लॉटमधली का? एप्रिलमध्ये आत्याला ८५ पूर्ण होतात, तेव्हा द्यायची आहे. कोणी केलंय का असलं काही?

खमंग_थालीपीठ
पितांबरी लाव की 😀 आमच्याकडे तांब्याच्या तांब्यापासून समईपर्यंत सगळ्याला तेच.

जुनी_ट्रंक
पितांबरी अजिबात नको!! ती घासून धातूवरचा थर काढते, इथे धातू कुठाय, डाग रबरासारख्या व्हिनाइलच्या आत गेलाय. घासून गालाची तुकतुकी जाईल आणि ओठ-भुवयांचा रंग निघेल तो वेगळाच, हिरवं तिथंच राहील.

मोगरा, मी ह्यूस्टनला असते आणि बारा-तेरा वर्षं जुन्या बाहुल्या दुरुस्त करतेय (नवऱ्याच्या मते हे व्यसन आहे). याला इथले जुन्या बाहुल्या जमवणारे सरळ ग्रीन इअर म्हणतात, साठच्या दशकातल्या बार्बींना सर्दी-खोकल्याइतका कॉमन आजार आहे, कारण कानातल्याच्या पिना तांब्या-पितळेच्या असायच्या.

आधी वयाचं सांगते कारण यात सगळेच फसतात. १९५८ हे कॉपीराइटचं साल आहे, ते पुढे कितीतरी वर्षं तसंच कोरत राहिले. बार्बी बाजारात आली मार्च १९५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात, तीन डॉलरला. पहिल्या लॉटमधली ओळखायची तर तळपाय बघ, दोन्ही तळव्यांना भोक असतं आणि आत तांब्याची नळी, स्टँडवर उभी करायला (म्हणजे हिच्या कानाला झालं ते तिच्या पायाला व्हायची सोय!). तुझीचे केस छोटे फुगीर आहेत ना, तो बबल कट, तो आला १९६१ ला. कोरलेल्या अक्षरांत मिज (बार्बीच्या मैत्रिणीच्या बाहुलीचं नाव) आणि १९६२ असंही दिसलं तर त्याच्याही नंतरची. म्हणजे घरमालकीणबाईंनी बहुतेक नवी कोरीच घेऊन दिली असणार.

आता उपाय. पहिलं काम धातू बाहेर काढणं. पिन आत ठेवून वरून काहीही थापलंस तरी महिन्याभरात डाग परत. हेअर ड्रायर लांबून, मंद गरम वाऱ्यावर कानाशी धर, व्हिनाइल मऊ पडलं की बारीक टोकाच्या चिमट्याने पिन सरळ रेषेत ओढ, वाकडी करू नकोस. आतून ढकलायला म्हणून डोकं उपटायच्या फंदात तर बिलकुल पडू नकोस, या बाहुल्यांच्या मानेचा आतला गोळा चिरतो आणि मग डोकं लटलटतं, त्याला औषध नाही.

मग मुरुमांवरचं क्रीम आण. हो, तेच, पोरं तोंडाला लावतात ते. बेंझॉइल पेरॉक्साइड १० टक्के हवं, तुमच्याकडे कुठल्याही फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळेल. रंगीत किंवा स्क्रबवालं घेऊ नकोस, साधं पांढरं. केस आधी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळ कारण ते लागलं तर केस पिवळे होतात, आणि नऊवारी काढून दुसऱ्या खोलीत ठेव, मी थट्टा करत नाहीये, खणावर एक थेंब पडला तरी तिथला रंग गेलाच. इअरबडने फक्त डागावर जाडसर थर, वरून क्लिंग रॅपचा तुकडा म्हणजे वाळणार नाही, आणि उन्हात. चार-पाच तास झाले की कोमट पाण्याने धू, पूस, आणि लगेच दुसरा हात देऊ नकोस, दोन दिवस नुसती बघ. धुतल्यावरही रंग उतरत राहतो, हे लोकांना माहीत नसतं आणि तिथंच घोटाळा होतो. आधी मानेच्या मागे, केसांखाली ठिपकाभर लावून ट्रायल घे.

निवृत्त_केबलवाला
या धाग्यावर मी काय करतोय असं वाटेल पण हा हिरवा रंग माझ्या चांगला ओळखीचा आहे म्हणून लिहितो. चौतीस वर्षं ठाण्याला केबल बनवण्यात गेली. तुमची बाहुली आणि घरातली वायर एकाच जातीची, दोन्ही पीव्हीसी, म्हणजे ताई म्हणतात ते व्हिनाइलच. पीव्हीसी मुळात कडक, पाण्याच्या पाइपासारखं. मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य घालतात, आणि थोडंथोडकं नाही, मऊ मालात वजनाच्या पाव-तिसऱ्या हिश्शापर्यंत. ते पीव्हीसीला रासायनिक गाठीने बांधलेलं नसतं, भिजवलेल्या पोह्यांत पाणी असतं तसं नुसतं मुरलेलं असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पाझरतं. जुनी बाहुली हाताला चिकट लागते ती त्यामुळे.

आता तांबं तिथं असलं की ते त्या द्रव्याशी आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाशी संधान बांधतं आणि हिरवं संयुग तयार होतं. इंग्लंडात साठ-सत्तरच्या दशकात टाकलेल्या वायरिंगमधून स्विचच्या डब्यात हिरवं चिकट ओघळायचं, तिकडचे इलेक्ट्रिशियन त्याला ग्रीन गू (इंग्रजी goo, म्हणजे चिकट लगदा) म्हणतात, तो हाच प्रकार. शिवाय जुनं पीव्हीसी स्वतःच हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, थेंब थेंब म्हणा, पण साठ वर्षं. म्हणजे डाग बाहेरून पडलेला नाही. तेलात विरघळून तो आत पसरलाय, म्हणून साबणाला दाद देत नाही आणि म्हणूनच कानाला सुरू होऊन गालाकडे सरकतो.

ताई म्हणतात ते क्रीम, माझ्या समजुतीने, रंग उडवतं, तांबं बाहेर काढत नाही. म्हणजे लपतं, जात नाही. तेवढं धरून चला. आणि डांबरगोळ्या आधी लांब करा, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करून चिकटवते.

शिरापुरी_काकू
केबलवाले भाऊंनी इतकं सांगितलं, एका शब्दात सांगते, बाहुली कळकली! पितळेच्या पातेल्यात आमटी राहिली की कशी हिरवट होते आणि तोंडात धरवत नाही, तेच. आंबट आणि पितळ एकत्र आले की कळकणारच, बाहुलीच्या पोटात आम्ल आहे म्हणताय मग झालंच की. आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा, पातेल्याला आतून कथलाचा हात दिला की सहा महिने चिंता नाही. तुमच्या त्या कानातल्याच्या तारेला कल्हई करायची राहिली बघा.

जुनी_ट्रंक
काकू 🙏 कळकली हा शब्द मी आजपासून वापरणार. आणि कल्हईची आयडिया अगदी बरोबर आहे, आम्ही तेच करतो, पिनेला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, पूर्ण वाळवून मगच कानात. तरी खरं सांगू, मी हल्ली कानातलं घालतच नाही, छोट्या पाकिटात शेजारी ठेवते. नेलपॉलिशला एक चरा पडला की संपलं.

बोर_झाले
माझा अनुभव लिहिते म्हणजे कोणी माझ्यासारखं करणार नाही. ऑनलाइन एका बाईंकडून जुनी पोनीटेलवाली घेतली, फोटोत कान केसांनी झाकलेले (आता कळतंय का ते), घरी आल्यावर हिरवेगार. मला धीर कुठला, पहिल्यांदा नेलपॉलिश रिमूव्हर लावला, अ‍ॅसिटोनने व्हिनाइल विरघळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कानाची पाळी विरघळून चपटी झाली. मग हेच क्रीम, जुलैच्या उन्हात, गच्चीवर, सलग तीन दिवस न धुता. हिरवं गेलं! आणि त्याबरोबर तिथला अंगाचा रंगही गेला, आता गालावर शेंगदाण्याएवढा पांढराफटक पट्टा आहे आणि हिरव्यापेक्षा तो जास्त डोळ्यात भरतो. तेव्हा थोडं हिरवं राहिलं तरी थांब गं बाई.

मोगरा_जर्सी
बापरे, सगळ्यांचे आभार. अक्षरं भिंगाने बघितली, मिज आणि १९६२ आहे, तळपायाला भोक नाही, एका पायाखाली जपान असं आहे. म्हणजे ट्रंकताईंचं बरोबर. दोन शंका. इकडे आता ऑक्टोबर, ऊन म्हणजे नावाला, खिडकीतलं चालेल का? आणि खांद्यावरचा तपकिरी ठिपका पण याच क्रीमने जाईल का?

जुनी_ट्रंक
खिडकीतलं चालेल, वेळ लागेल एवढंच, आणि मला विचारशील तर हळू झालेलं बरं. हीटरवर ठेवून घाई करू नकोस, गरम झालं की ती आणखी पाझरते. तपकिरी ठिपका लोखंडाचा गंज, त्याला पेरॉक्साइड काही करत नाही. धड कडक व्हिनाइलचं असतं, तिथं गंज बऱ्याचदा वरवर बसतो, तो पांढरा मेलामाइन स्पंज असतो ना ओट्याचा, तो ओला करून अगदी अलगद दोन-चार वेळा फिरव. तोंडाला लावू नकोस, तो बारीक पॉलिशपेपरच आहे. नाही गेला तर सोड, नऊवारीखाली कोण बघतंय.

निवृत्त_केबलवाला
नंतर ठेवणार कशात तेही ठरवा. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पॉलिथिन ते तेल शोषून घेतं आणि बाहुली लवकर कडक होते. काचेचं कपाट किंवा बरणी उत्तम. डेन्मार्कच्या नॅशनल म्युझियममध्ये जुन्या पीव्हीसीवर बरंच काम झालंय, त्यांचाही कल काचेकडेच. जागा थंड, अंधारी.

मोगरा_जर्सी
अपडेट द्यायला सात आठवडे लागले, सॉरी.

पिन काढायलाच अख्खी दुपार गेली. ड्रायर नवऱ्याच्या हातात, चिमटा माझ्या हातात, दोघंही श्वास रोखून, जसं काही खरंच कोणाच्या कानातून काढतोय. चौथ्या खेपेला आली. एवढीशी, जिऱ्याएवढी, काळी, आणि टोकाला हिरवा मेणचट गोळा. पांढऱ्या टिशूवर ठेवली तर टिशूलाही हिरवा डाग पडला. या एवढ्याशा तुकड्याने साठ वर्षं हा उद्योग चालवला होता.

क्रीम दर शनिवारी, दक्षिणेच्या खिडकीत, फॉइलचा मुकुट घालून. शेजारच्या गुजराती काकूंनी एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पहिले दोन आठवडे काहीच नाही, मी तर नाद सोडणार होते. तिसऱ्यांदा धुतलं आणि मंगळवारी बघते तर कडा फिकट. पाचव्या खेपेनंतर उजवा कान जवळजवळ साफ, डावीकडे गालावरचं गेलं, पाळीला पिकल्या पेरूच्या सालीसारखी पिवळट-हिरवी छटा राहिलीये. बोर_झालेताईंचा पांढरा पट्टा आठवला आणि थांबले. गंजाचा ठिपका स्पंजने निम्मा गेला.

मग एप्रिलपर्यंत दम निघेना, रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवलीच. मला वाटलं आत्या कान बघेल, मी मुद्दाम तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं. तिने चष्मा वर केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "काष्टा कोणी सोडला गं? आणि पदर उजव्या खांद्यावर?" कपडे परत घालताना मी उलटं केलं होतं. मग तिने फोनवरून, घडी बाय घडी, मला बाहुलीला नऊवारी नेसवायला लावली, पाऊण तास. कानाबद्दल अवाक्षर नाही.

शिरापुरी_काकू
पदराला परत टाचणी लावली नाहीस ना?

मोगरा_जर्सी
नाही काकू, दोन टाके घातलेत.