मदत हवी आहे: फिलिपिन्सचा ताम्रपट आणि वैशाख कृष्ण चतुर्थी

मंडळी, फिलिपिन्सचा इतिहास म्हटलं की जो तो १५२१ साली मॅगेलन आला तिथूनच सुरुवात करतो. मला त्याआधीचं हवंय, आणि मी अडकलोय मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ साली उजेडात आलेल्या ताम्रपटावर. दहा ओळी, कावी (म्हणजे जावाची जुनी) लिपी, भाषा जुनी मलय. सुरुवात 'स्वस्ति'ने, मग शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार! पुढे मजकूर अगदी व्यवहाराचा: नामवरान नावाच्या गृहस्थाचं सोन्याचं कर्ज माफ, मुलंबाळंही त्यातून मोकळी. कर्जमाफीचा जीआरच म्हणा ना.

अभ्यासक ही तारीख २१ एप्रिल ९०० अशी देतात. पंचांगगणित येणारं कुणी ताळा करून देईल का? महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) धरलाय की पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), हे मला मुख्यतः हवंय. शिवाय ही कालगणना तिकडे थेट दक्षिण भारतातून गेली की जावामार्गे, यावर वाचण्यासारखं काही असेल तर सुचवा. मराठी, इंग्रजी काहीही चालेल.

'तिकडे पूर्वी आपलंच राज्य होतं' छापाचे फॉरवर्ड मात्र नकोत, ते भरपूर आलेत.