"काढून ठेवलेली" पुस्तके : नाशिककरांचे अनुभव

काही दिवसांपूर्वी एका शाळेच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तके निवडण्याच्या निमित्ताने मी त्या शाळेच्या ग्रंथालयात बसले होते. माझ्या यादीतील चार पुस्तके दाखल नोंदवहीत होती, त्यांना क्रमांकही होते, परंतु कपाटात ती नव्हती. यांच्यावर बंदी आहे का, असे मी विचारले, तेव्हा "बंदी वगैरे काही नाही, ताई, फक्त काढून ठेवली आहेत," असे उत्तर मिळाले. ती कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली आणि सांगणाऱ्याने ती वाचली होती का, यातील एकही गोष्ट कागदावर नव्हती.

ज्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालू आहे आणि जिथे १९२२ पासून गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेत माणसे पटांगणात बसून न पटणारी मतेही ऐकून घेत आली आहेत, त्या शहरात हे इतक्या सहजपणे घडावे, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून हा धागा काढत आहे. शाळेत, वसाहतीत, मंडळात किंवा घरात एखादे पुस्तक, नाटक, चित्र, गाणे तुमच्यापासून काढून घेतले गेले असेल, किंवा तुम्ही स्वतः ते कोणापासून काढून घेतले असेल, तर कृपया लिहा. संस्थांची आणि व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

शालेय ग्रंथपाल (निवृत्त), नाशिक रोड

ताई, "काढून ठेवली" हा शब्दप्रयोग मी अठ्ठावीस वर्षे वापरला आहे, त्यामुळे पहिला अनुभव मीच लिहिते.

आमच्या शाळेत एका दलित लेखिकेचे आत्मचरित्र होते. नववी-दहावीच्या मुली ते नेत असत. एका पालकाने संस्थेच्या कार्यालयात फोन केला आणि त्यातील भाषा मुलांच्या कानी पडण्यासारखी नाही, असे सांगितले. लेखी तक्रार आली नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावले आणि एवढेच म्हणाले, "बाई, वाद नको. पुस्तक निर्लेखित करून टाका."

निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून कमी करताना कारण लिहावे लागते. पुस्तक हरवले, फाटले, वाळवी लागली, असे काहीतरी कारण त्या रकान्यात हवे असते. पुस्तक माझ्या हातात होते. बांधणी पक्की होती, शीर्षकपानावर आणि आतल्या ठरलेल्या पानावर शाळेचा शिक्का स्वच्छ उमटलेला होता, आणि मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे अकरा ठसे होते. आमच्या ग्रंथालयात एखाद्या पुस्तकाला अकरा वाचक मिळणे ही मोठी गोष्ट होती. मी लाल शाईने रकान्यात "जीर्ण" असे लिहिले आणि सही केली. माझ्या नोकरीतील ती एकमेव खोटी नोंद आहे आणि ती माझ्या हस्ताक्षरात आहे.

त्यानंतर जे झाले ते अधिक वाईट होते. पुढच्या वर्षी खरेदीची यादी करताना मीच तीन पुस्तकांवर काट मारली. मला कोणी तसे सांगितले नव्हते. नंतरच्या प्रत्येक यादीत मी आधीच विचार करू लागले की, यावरून फोन येईल का? एका फोनने एक पुस्तक गेले, पण त्या फोनच्या भीतीने किती गेली याचा हिशोब कोणत्याच नोंदवहीत नाही. ज्या जिल्ह्याने दलित साहित्यिक बाबूराव बागूल आणि लोककवी वामनदादा कर्डक दिले, त्या जिल्ह्यातील मुलींना दलित वस्तीतील बाईचे जगणे तिच्याच भाषेत वाचता येऊ नये, आणि ते काम माझ्या हातून व्हावे, हे मला आजही सहन होत नाही.

वकील, कॉलेज रोड

ग्रंथपाल बाईंच्या अनुभवात एक कायदेशीर मुद्दा जोडतो. राज्य शासनालासुद्धा एखादे पुस्तक असे गुपचूप काढता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ९८ नुसार पुस्तक सरकारजमा करायचे असेल, तर अधिसूचना काढावी लागते, तिच्यात कारणे द्यावी लागतात, आणि ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे त्याला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. ते प्रकरण तीन न्यायमूर्तींसमोर चालते. म्हणजे शासनाला जे बंधन आहे, ते एका फोनला नाही, अशी आपल्या शाळांची स्थिती आहे.

"मुलांच्या हाती पडेल" या युक्तिवादाबद्दलही सांगावेसे वाटते. १९६२ सालच्या एका दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, परंतु १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या निकालात किशोरवयीन वाचकांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. लैंगिकतेचा नुसता उल्लेख हाच निकष मानला, तर निव्वळ धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही, हे आधीच्या एका निकालातील म्हणणे न्यायालयाने तेथे पुन्हा नोंदवले. हा मराठी कथेवरचा निकाल आहे, तरी आपल्या शिक्षकांपैकी फारच थोड्यांना तो ठाऊक असतो.

नाट्यशिक्षक, पंचवटी

माझा अनुभव पुस्तकाचा नाही, स्नेहसंमेलनातील एकांकिकेचा आहे. विषय होता दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह. शाळेपासून मंदिर चालत दहा मिनिटांवर आहे. मुले रोज पूर्व दरवाजावरून जातात, पण २ मार्च १९३० रोजी तिथे काय सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे ते का चालू राहिले, हे नववीच्या वर्गातील फक्त दोन मुलांना माहीत होते. ती दोन्ही मुले ज्या घरांतून आली होती, तिथे या सत्याग्रहाचे एक नेते दादासाहेब गायकवाड यांचा फोटो भिंतीवर असतो.

आम्ही सहा आठवडे तालीम केली. त्या वर्षी ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, तो प्रसंग शेवटी होता. मुलांनी पुठ्ठ्याचे रथाचे चाक केले होते आणि दगड म्हणून वर्तमानपत्राचे बोळे करड्या रंगात बुडवून गच्चीवर वाळत घातले होते. एका मुलाने स्वतःहून विचारले, "सर, दगड मारणाऱ्याचे काम मी करतो आहे, पण मला तो माणूस वाईट वाटेल असे करायचे नाही, त्याला खरेच वाटत होते की तो देवाचे रक्षण करतो आहे. असे करू का?" इतकी समज मी पुष्कळ मोठ्या नटांमध्येही पाहिलेली नाही.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावून "हे आता कशाला उकरून काढायचे?" असे विचारण्यात आले. घडलेले आहे, पाठ्यपुस्तकात आहे, मंदिराबाहेर लोक त्याची आठवण करायला दरवर्षी जमतात, हे मी सांगितले. शेवटचा प्रसंग काढला तर परवानगी देऊ, असे उत्तर मिळाले. मी नकार दिला, आणि सकाळी नव्याने छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या जागी कोळीनृत्य होते.

मला सर्वांत जास्त लागली ती मुलांची प्रतिक्रिया. ती माझ्यावर किंवा शाळेवर रागावली नाहीत. दगड मारणारा मुलगा चार-पाच दिवस माझ्यामागे फिरत होता आणि विचारत होता, "सर, माझे पाठांतर कच्चे होते का?" मोठी माणसे कारण सांगत नाहीत, तेव्हा मुले ते कारण स्वतःमध्ये शोधतात. पुढे मुलांच्या पालकांनीच पुढाकार घेतला आणि एका बुद्धविहाराच्या सभागृहात प्रयोग झाला. साठ-सत्तर माणसे होती. पण शाळेतील उरलेल्या मुलांनी तो पाहिला नाही, आणि प्रयोग खरे तर त्यांच्यासाठीच बसवला होता.

ज्येष्ठ नागरिक, जुने नाशिक

सरांनी लिहिले ते वाचून आठवले. १९०९ मध्ये याच शहरातील बाबाराव सावरकरांना कवितांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवध' या नाटकावर सरकारने बंदी घातली. गोष्ट महाभारतातील होती, पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना आणि सरकारलाही बरोबर कळले होते. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी हा इतिहास अभिमानाने सांगत. ज्या घरांमध्ये तो अभिमानाने सांगितला जातो, त्याच घरांतून आज "हे पुस्तक बंद करा" अशी मागणी येते, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या मनासारख्या पुस्तकावरची बंदी तेवढी अन्याय, आणि दुसऱ्याच्या पुस्तकावरची योग्य, असे मानता येणार नाही.

पालक, इंदिरानगर

ग्रंथपाल बाईंनी ज्या फोनबद्दल लिहिले, तसा एक फोन मी केलेला आहे. शाळा वेगळी होती, वर्ष वेगळे होते.

माझ्या मुलीच्या दप्तरात एक कादंबरी सापडली. मी मधलेच पान उघडले आणि त्यावर एक घटस्फोटित बाई आपल्या शरीराबद्दल, आपल्या एकटेपणाबद्दल बोलत होती. मी उभ्या उभ्या शाळेत फोन लावला. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत मागवले गेले आणि मला आपण कर्तव्य केल्यासारखे वाटले. मुलगी काही बोलली नाही. तिने त्यानंतर मला कोणतेही पुस्तक दाखवले नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.

नंतर माझ्या बहिणीचा संसार मोडला. ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मुलीनेच तिला सांभाळले. रात्री दोघी बोलत बसत. एवढ्या लहान मुलीला हे कसे कळते, असे बहिणीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मी अर्धे वाचले होते, आत्या, मग बाबांनी बंद केले." मी दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक विकत आणले आणि पहिल्या पानापासून वाचले. मी तक्रार केलेले पान संपूर्ण पुस्तकातील सर्वांत दुःखी पान आहे. हे मी त्या शाळेला पत्र लिहून कळवले आहे आणि एक प्रत ग्रंथालयासाठी दिली आहे. ती कपाटात आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

पालक, गोविंदनगर

सर्वांचे अनुभव आदराने वाचले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. पाचवीच्या मुलाच्या हाती काहीही द्यावे का? शाळेने निवड करू नये का?

धागाकर्ती

दादा, शाळेने निवड केलीच पाहिजे, आणि तुमच्या प्रश्नाशिवाय ही चर्चा अपुरी राहिली असती. पाचवीसाठी एक कपाट आणि नववीसाठी दुसरे कपाट, ही निवड झाली. ती करणारा शिक्षक पुस्तके वाचतो, मुलांना ओळखतो आणि विचारल्यास कारण सांगतो. तुम्ही तुमच्या मुलाला एखादे पुस्तक आणखी दोन वर्षांनी वाच म्हणालात, तर तो तुमचा अधिकार आहे. पण तुमच्या एका सांगण्यावरून उरलेल्या चाळीस मुलांचे पुस्तक जावे, आणि तेही न वाचता, न लिहिता, हे मला अमान्य आहे. निवडीत एखादे पुस्तक कोणापर्यंत केव्हा पोहोचवायचे याचा विचार असतो. काढून ठेवण्यात ते कोणापर्यंतच पोहोचू नये, अशी व्यवस्था असते.

गृहिणी, जुने नाशिक

आमच्या मोहल्ल्यातील मुलींच्या अभ्यासिकेत एका शायराचा संग्रह होता, तो एका बुजुर्गांना आवडला नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या बाजींनी त्यांना चहाला बोलावले आणि म्हणाल्या, "चाचा, आम्हाला वाचून दाखवा आणि कुठे चूक आहे ते समजावून सांगा." त्यांनी दोन संध्याकाळी वाचून दाखवला. काही ओळींवर ते ठाम राहिले, काहींवर त्यांनी स्वतःच दाद दिली. संग्रह तिथेच आहे. त्यांचा आक्षेप एका कागदावर लिहून बाजींनी तो त्या पानात ठेवला आहे, तोही मुली वाचतात.

मुख्याध्यापक, निफाड तालुका

मी आता या खुर्चीत बसतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. मुख्याध्यापकाला भीती पुस्तकाची नसते. गेटवर जमाव येईल, मोबाइलवर चित्रफीत फिरेल, बदली होईल, याची असते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने एका अनुवादाला आपणच जाहीर केलेला पुरस्कार आदेश काढून रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली, तेव्हा काही साहित्यिकांनी पदांचे राजीनामे दिले. आम्हा शिक्षकांमध्ये मात्र त्या आठवड्यात एकच चर्चा होती : वरच्या पातळीवर असे होते, तर आपल्यामागे कोण उभे राहील?

त्यानंतर मी शाळा व्यवस्थापन समितीपुढे एक अर्ज मांडला आणि तो मंजूर करून घेतला. तक्रारदाराने आपले नाव, पुस्तक पूर्ण वाचले आहे का, कोणत्या पानावर काय आक्षेप आहे आणि त्याऐवजी काय करावे, हे लिहून द्यायचे. मग दोन शिक्षक, दोन पालक ते पुस्तक वाचतात, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहते. आजवर सात जणांनी तोंडी तक्रार केली. सातही जणांना मी अर्ज दिला. भरून परत आला एकच, आणि त्या बाईंचा आक्षेप रास्त होता : ते पुस्तक चुकून लहान मुलांच्या कपाटात लागले होते. आम्ही ते वरच्या वर्गाच्या कपाटात हलवले आणि नोंदवहीत तसे लिहिले. कोणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर मी पाठवीन.

चित्रकला विद्यार्थिनी, सातपूर

दहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी मी रामकुंडावरील रेखाटन दिले होते. तिथे पहाटे जे दिसते तेच होते : पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, पाण्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका, एकीची उघडी, सुरकुतलेली पाठ. ती माझ्या आजीसारखी दिसत होती म्हणून मी तिच्यावर सर्वांत जास्त वेळ दिला होता. "पाठ झाक, नाहीतर चित्र लागणार नाही," असे सांगण्यात आले. मी निळ्या पोस्टर कलरने तिला पोलके घातले. संपूर्ण चित्र पेन्सिलचे आणि मध्येच तो निळा पट्टा, त्यामुळे येणारा प्रत्येक जण नेमका तिथेच पाहत होता.

ते चित्र मी जपून ठेवले आहे. गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्याच पायरीवर बसून तसेच दुसरे रेखाटन केले, या वेळी काहीही न झाकता. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावायची आहेत. मुख्याध्यापक सर, तुमच्या शाळेत भिंत मिळेल का?