आई गेल्यावर अण्णा घराबाहेरच पडत नाहीत. कुणाला दाखवावं?

कृष्णाकाठची लेक

नमस्कार. मी पुण्यात, भाऊ अबुधाबीत आणि अण्णा कराडला एकटे. वय ७४. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आई गेली. सुरुवातीला घरात माणसांची ये-जा होती, अण्णाच सगळ्यांना धीर देत होते. यंदाचा पावसाळा लागला आणि ते पार मिटून गेले. रोज सकाळी प्रीतिसंगमावर फेरी मारल्याशिवाय चहा न घेणारा माणूस आता उंबरा ओलांडत नाही. पेपरची घडी तशीच पडून असते. वजन उतरलंय, सदरे अंगावर लोंबतात.

तक्रारी सगळ्या शरीराच्या. पोटात आग पडते, छातीत धडधडतं, पायातलं बळ गेलं. ईसीजी, टू-डी इको, दुर्बिणीतून पोटाची तपासणी, सगळं झालं. काही निघालं नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. गॅसवर दूध ठेवून विसरतात. काल फोनवर म्हणाले, "आता माझं काय राहिलंय, देवानं न्यावं." मी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं तर "मी काय वेडा झालोय?" म्हणून फोन ठेवून दिला.

हे वयामुळे आहे, आईच्या दुःखामुळे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात? कराड-साताऱ्यात कुणाकडे न्यावं? आणि रात्री-अपरात्री मराठीत बोलणारं कुणी फोनवर भेटतं का? पुण्याला यायला ते तयार नाहीत.

सिस्टर माई

ताई, मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. "वय झालं, बायको गेली, असं होणारच" असं म्हणून हे सोडून देऊ नका. म्हातारपणी दुःख होतंच, पण महिनोन्‌महिने जेवण, झोप, फिरणं सगळं सुटणं हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. आमच्या ओपीडीत साठीच्या पुढची माणसं "मला उदास वाटतं" असं म्हणत क्वचितच यायची. पोट, छाती, डोकं, कंबर हेच सांगत यायची. ती ढोंग करत नसतात, त्यांना खरोखरच दुखत असतं.

स्मृतिभ्रंश की नैराश्य हे डॉक्टर ठरवतील. एक ढोबळ फरक मात्र घरच्यांनाही दिसतो. नैराश्यातला माणूस स्वतःहून सांगतो, "माझं डोकं चालेना." काही विचारलं की "माहीत नाही" म्हणून गप्प बसतो. आणि हे कधीपासून सुरू झालं ते घरच्यांना साधारण सांगता येतं, जसं तुम्ही पावसाळा म्हणालात. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू चढतो, आणि माणूस तो झाकायला बघतो. कधीकधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून दाखवायचं टाळू नका.

मानसोपचार हा शब्दच नको असेल तर वाट शरीराकडून धरा. "अण्णा, झोप आणि भूक गेलीय, रक्त तपासून घेऊ," एवढंच म्हणा, ते खोटंही नाही. नेहमीच्या डॉक्टरांना आधी एकटीने फोन करून मृत्यूबद्दलचं बोलणंही सांगून ठेवा. थायरॉईड, बी१२, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन बघायलाच हवं, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो आणि विसरतो. ऐकू कमी येतं का तेही बघा. ज्याला समोरच्याचं बोलणं कळत नाही, तो हळूहळू कट्टा सोडतो. मग त्याच डॉक्टरांनी "झोपेसाठी या डॉक्टरांना भेटा" म्हटलं, तर अण्णा जातील. या पिढीला मुलीच्या सल्ल्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी मोठी वाटते.

ठिकाणं: कराडातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक भेटतील. हे पथक तालुक्याच्या रुग्णालयांतही ठरलेल्या दिवशी जातं. कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात त्यांचा वार कोणता, ते विचारून घ्या.

फोन: टेलि-मानस, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. अण्णांनीच करायला हवा असं नाही, तुम्ही मुलगी म्हणून करून "वडिलांशी कसं बोलू" असं विचारू शकता. दुसरा एल्डरलाइन, १४५६७, खास ज्येष्ठांसाठी, सकाळी आठ ते रात्री आठ. पेन्शन, कायदा, एकटेपणा, सगळ्यावर बोलतात. रात्री दोनला उपयोगी पडेल तो पहिला.

आता अवघड गोष्ट. "देवानं न्यावं" हे पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात. तरी तुम्ही समोर बसून सरळ विचारा, "अण्णा, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुमच्याकडे शेती असेल तर घरातलं, गोठ्यातलं कीटकनाशक आणि तणनाशक आजच दुसऱ्याच्या घरी हलवा. हाताशी नसणं हाच मोठा बचाव असतो. माझ्या नोकरीच्या काळात मी कळकळीने सगळ्यात जास्त वेळा हेच सांगत आले.

डोंबिवलीचे आजोबा

बाळ, मी ७९ वर्षांचा. पत्नी गेल्यानंतर मी याच अवस्थेत होतो, म्हणून लिहितो. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मला सूनबाई घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि एका समुपदेशक मुलीशी बोलणं सुरू झालं. गोळ्यांना काही आठवडे लागले. तोवर "काही उपयोग नाही" म्हणत मी त्या सोडायच्या बेतात होतो, सुनेनं सोडू दिल्या नाहीत. हे ध्यानात ठेव, अण्णाही तसंच म्हणतील.

दुसरं, फोनवर रोज "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच विचारू नकोस. त्यानं माणूस जास्तच रुग्ण होतो. ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत असेल असं काहीतरी विचार. एसटीचे नियंत्रक होते ना? मग कराडहून कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय, पावसात कुठली गाडी धरावी, पाटणला किती थांबते, हे विचार. पहिल्या वेळी तुटक बोलतील. तरी विचारत राहा.

ज्येष्ठ नागरिक संघ कराडातही असेलच. तिथे "अण्णा, तुम्ही जात जा" असं सांगून कुणी जात नाही. संघातल्या एका माणसाला गाठून त्याला घरी पाठव, जुना एसटीवाला मिळाला तर फारच बरं. त्यानं दारात उभं राहून "चला" म्हणावं. मला असंच एका गृहस्थांनी नेलं. आता आमच्या विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्रं लावायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी उठायला कारण लागतं गं. पंचाहत्तरी झाली की अण्णांना एसटी फुकट आहे, तोपर्यंत अर्धं तिकीट. त्यांना गाडीत बसव, जुन्या डेपोत घेऊन जा.

फोंड्याहून

गोव्यात यावर मोठं काम झालंय, कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते. संगाथ या संस्थेनं ग्रामीण आणि शहरी आरोग्य केंद्रांत साठीपुढच्या १८१ जणांसोबत अभ्यास केला. उदासीची लक्षणं दिसू लागली आहेत, पण पूर्ण आजार झालेला नाही, अशी ही माणसं. निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी मदत केली. ती डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हती. अडचणींचे तुकडे करून एकेक सोडवायची, झोपेच्या सवयी सुधारायच्या, मधुमेहासारख्या आजारांची काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं, सरकारी योजना मिळवून द्यायच्या. वर्षभरात मदत मिळालेल्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला, बाकीच्या ९० पैकी १३ जणांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हाताऱ्यांना वाचवायला प्रत्येक गावात मानसोपचारतज्ज्ञ हवाच असं नाही, हे मला यातून फार मोलाचं वाटतं.

सिस्टर माई

फोंड्याच्या ताई, छान माहिती दिलीत. पण ती माणसं आजाराच्या अलीकडची होती. अण्णांचं वजन उतरलंय, मरणाचं बोलतायत. त्यांना सोबतीबरोबर डॉक्टरही हवेत.

कृष्णाकाठची लेक

सगळ्यांचे आभार. मी आज कराडला आले. काल आजोबांनी सांगितल्याप्रमाणे चिपळूणच्या गाडीचं विचारलं, तर अण्णा पाच मिनिटं बोलले, हेळवाकला चहाला कुठे थांबायचे तेही सांगितलं. चुलतभावानं रानातल्या खोलीतलं फवारणीचं औषध त्याच्याकडे नेलंय. तो प्रश्न मी विचारला. "तसं करणार नाही, पण जगावंसं वाटत नाही," म्हणाले आणि रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. नेहमीच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे.

एक नवीनच कळलं. उशीखाली झोपेच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, अल्प्राझोलाम. मेडिकलमधून आणतात म्हणे, उन्हाळ्यापासून रोज एक. आजपासून बंद करू का?

सिस्टर माई

नाही, एकदम बंद करू नका. इतके महिने रोज घेतलेली ही गोळी झटक्यात थांबवली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटसुद्धा येते. ती हळूहळू कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील. पाकीट मात्र तुमच्याकडे ठेवा, रोजची एकच गोळी हातात द्या. दूध गॅसवर विसरणं यामुळेही असू शकतं, आणि रात्री उठताना तोल जातो, म्हणून संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

रडले ते चांगलं झालं. पण "जगावंसं वाटत नाही" हे सोमवारी डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, आणि तोवर तुम्ही घरी राहा. मध्ये काही वेगळं वाटलं तर सोमवारची वाट बघू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण लघवी वाढवणारी गोळी आणि नैराश्याचं औषध एकत्र आलं की काहींचं सोडियम उतरतं, ते मधूनमधून तपासावं लागतं. उपाशीपोटी न्या म्हणजे रक्त तिथेच देता येईल. साखरेची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटी देऊ नका, आणि खायला काहीतरी सोबत असू द्या.