मदत हवी आहे: मुलगा सगळी वाक्यं 'आणि'नेच जोडतो, काय करू?

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या डिचोलीहून लिहितेय. मुलगा चौथीत, मराठी माध्यम, घरी मात्र आम्ही कोंकणीच बोलतो. बोलायला लागला की थांबत नाही आणि वहीत लिहिताना बघावं तर तीन-तीन शब्दांचे तुकडे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, निबंधात लिहिलेलं, 'बाबा माटोळीचं सामान आणायला गेले. पाऊस आला. बाबा भिजले. सामान भिजलं नाही.' (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची आरास.) खाली टीचरचं लाल पेनने 'वाक्ये जोडा', बस एवढंच. मग मीच म्हटलं, बाबू, 'आणि' लाव. आता 'पाऊस आला आणि बाबा भिजले आणि सामान भिजलं नाही आणि', मालगाडीच! एका जागी 'पण'ऐवजी 'पूण' लिहिलेलं, तेही कोंकणी म्हणून कापलं, मला तर उलट बरं वाटलेलं की निदान जागा तरी बरोबर पकडलीन.

परवा 'मी घरी आलो. मी जेवलो.' याचं संयुक्त वाक्य करायचं होतं, त्याने 'मी घरी येऊन जेवलो' केलं, ते पण चूक! का ते कळलंच नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, मराठी म्हणून ते अगदी बरोबर आहे, पण त्यात पुरं क्रियापद एकच, 'जेवलो', म्हणून ते केवल वाक्य धरतात. संयुक्तात दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी हवीत, 'मी घरी आलो आणि जेवलो'. पोराला ही नावं सांगत बसू नका हो. नातीबरोबर मी काय करायचे, 'बाबा भिजले पण...' म्हणून गप्प बसायचं, पुढचं तिने तोंडी पुरं करायचं. मग तेच 'म्हणून' लावून. 'बाबा भिजले किंवा' म्हटलं की ती हसायची, म्हणजे कळलं. 'कारण', 'जर-तर' इतक्यात नको, ती मिश्र वाक्यं, त्यांत एक वाक्य दुसऱ्यावर टेकलेलं असतं. आणि 'पूण' सोडू नका, तिथूनच 'पण'वर आणा.

पुन्हा मीच:
काल रात्री भाकरी थापता थापता करून बघितलं. 'बाबा भिजले पण...' तर म्हणे 'सामान प्लास्टिकात होतं'. 'बाबा भिजले म्हणून...' तर 'आजी ओरडली'! खरंच ओरडलेली. दोन्ही लगेच वहीत लिहून घेतली. 'म्हणून'चं 'म्हणुन' केलंय, ते उद्या बघते.